ऑरिन टटलने मालवलेला दिवा

ऑरिन टटलला मी लहानपणापासून अरेतुरे करत आले. आमच्या गावात बापालाही नावाने हाक मारतात, तेव्हा कोणी नाक मुरडू नये. तो माझ्यापेक्षा सव्वीस वर्षांनी मोठा, दाढी छातीपर्यंत, आणि अख्ख्या डॉसन गावात त्याच्याइतका खरं बोलणारा माणूस नव्हता. सगळा घोळ झाला तो त्यामुळेच. लबाड माणसाचं बरं असतं, तो बोलला ते सोडून दिलं की झालं. खऱ्या माणसाचं काय करायचं, सांगा मला.

मी हेस्टर मॅकविटी. बोटीच्या धक्क्यासमोरची खाणावळ माझी, आणि माझ्याआधी माझ्या बापाची, फर्गसची. ऑरिन सिनेमाच्या हॉलचा रखवालदार होता. झाडलोट करायची, भट्टी पेटवायची, वीज गेली की रॉकेलचे दिवे लावायचे, आली की मालवायचे. वीज आमच्याकडे मन मानेल तशी येते-जाते, त्यामुळे हे काम त्याला बरंच असायचं. दिवा मालवताना तो कधी फुंकर मारायचा नाही. डोक्यावरची कानटोपी काढायचा आणि काचेच्या तोंडावर सपकन एकदा वारा घालायचा. फुंकर मारताना दाढी पेटेल अशी त्याला भीती होती, असं लोक म्हणायचे. मी ते हजारदा पाहिलं असेल आणि एकदाही त्याचा विचार केला नाही.

आता ती कविता. आमच्या गावावरची ती कविता सगळ्या जगाला पाठ आहे, आणि आमच्या पोरांना तर पाढ्यांच्या आधी पाठ होते. लग्नात म्हणतात, मयतीनंतरच्या जेवणातही म्हणतात. दारूचा गुत्ता, बाहेर मरणाची थंडी, आत पत्ते खेळणारा एक, बर्फातून आलेला अनोळखी एक, मधे एक बाई. मग दिवे जातात, दोन गोळ्या सुटतात, आणि दिवे लागतात तेव्हा दोघेही खलास. एकोणीसशे सात साली ती छापून आली. तेव्हापासून उन्हाळ्यात आगबोट लागली की प्रवासी उतरतात आणि पाय जमिनीला लागायच्या आत विचारतात, ते कुठे घडलं?

एक काळ असा होता की ‘त्या दिवशी मी तिथे होतो’ म्हणणारे म्हातारे गावात इतके झाले होते, की सगळे खरे असते तर त्या गुत्त्याच्या भिंती फुटल्या असत्या. आम्हीही कोणाला अडवलं नाही. प्रवासी गोष्ट ऐकायला बसला की केकही खातो. पण एकेक करत सगळे म्हातारे गेले, आणि सेहेचाळीस सालापर्यंत एकटा ऑरिन उरला. तो माझ्या खाणावळीत कोपऱ्यातल्या टेबलावर बसायचा आणि सांगायचा. तिखटमीठ लावायचा नाही, हातवारे नाहीत, काही नाही. मी झाडू घेऊन भिंतीशी उभा होतो. दोघांचे हात कोटात गेले. मग दिवा गेला. इथे त्याचा आवाज हटकून बसायचा आणि पुढचं त्याला सांगता यायचं नाही. प्रवाशांना वाटायचं, काय नाटक करतो म्हातारा! टाळ्या वाजवायचे. मलाही तसंच वाटायचं, आणि मी पुढची बशी भरायला आत जायचे. आता त्याची मला लाज वाटते.

आणखी एक सांगायला हवं. सतरा ऑगस्टला, म्हणजे आमच्याकडे पहिलं सोनं सापडलं त्या दिवशी, सगळं गाव मिरवणुकीला जायचं, आणि ऑरिन पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन टेकडीवरच्या कबरस्तानात जायचा. तिथे कडेला दोन जुन्या कबरी आहेत, फळ्यांवरची नावं केव्हाच पुसली गेलेली. त्या फळ्या तो दरवर्षी रंगवायचा. तेही प्रवाशांसाठीच, असं आम्ही धरून चाललो होतो.

त्या वर्षी सोळा ऑगस्टला, शुक्रवारी, बोटीबरोबर सिनेमाची रिळं आली. आमचं गाव वाटेवरचं शेवटचं. पूर्वी तर कंपन्या रिळं परतही मागवायच्या नाहीत, इतके आम्ही टोकाला. दुपारी चारला हॉल गच्च भरला, निम्मे आम्ही, निम्मे बोटीवरचे. मोठ्या सिनेमाआधी एक कार्टून लागलं, आणि पाहतो तर काय, आमचीच कविता. कोणीतरी कॅलिफोर्नियाच्या उन्हात बसून तिची अशी काही टर उडवली होती की विचारू नका. पत्ते खेळणारा होता एक शिकारी कुत्रा. अनोळखी होता एक वॉलरस, आणि तो आपला बर्फ बरोबर घेऊनच आत आला. छपराखाली येऊनही बर्फ एकट्या त्याच्यावर पडत राहिला, शेवटी त्याने तो कोटासारखा काढून खुंटीला अडकवला. हसून हसून आमच्या मुरकुंड्या वळल्या. स्वतःच्या गावाची थट्टा इतकी गोड लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मग भांडण पेटलं. दोघांचे पंजे कोटात गेले. आणि कोपऱ्यात, भिंतीशी, झाडू घेतलेला एक उंदीर दिसला. उंदराने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, सरसर दिव्यावर चढला आणि फुंकर मारली. पडदा काळा. त्यात नुसते डोळे लुकलुकत होते, आणि ठो, ठो.

त्याच वेळी मागून ऑरिनचा आवाज आला. तो दाराशी उभा होता, झाडू हातात.

“दिवा मी मालवला होता,” तो म्हणाला.

सगळा हॉल हसला. हसणारच हो! पडद्यावर उंदीर, दारात ऑरिन, दोघांच्या हातात झाडू. तो तेच वाक्य पुन्हा म्हणाला, जरा मोठ्याने, आणि लोक आणखी हसले. कोणी शिट्टी मारली. मीही हसले, खोटं कशाला बोलू. मग वळून पाहिलं तर त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. आपण काय सांगतोय आणि हे काय ऐकताहेत, याचा त्याला मेळच लागत नव्हता. झाडू दाराला टेकवून तो निघून गेला. रात्री जेवायलाही आला नाही. तो आमच्याकडे जेवायला लागल्यापासून एकवीस वर्षांत हे पहिल्यांदा झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिरवणुकीची गडबड, माझ्याकडे चाळीस माणसांची न्याहारी, तव्यावर धिरडी, आणि अशात पोलीस ठाण्यातून निरोप आला की ताबडतोब या. मी तशीच पिठाच्या हातांनी गेले. कॉर्पोरल डिलवर्थ हा ऑन्टारियोचा तरुण. नदी गोठताना त्याने एकदाच पाहिली होती, म्हणजे आमच्या हिशेबाने तो कालचा. तो टेबलामागे डोकं धरून बसला होता. समोर खुर्चीत ऑरिन, बूट चकाचक केलेले, मांडीवर पिशवी, पिशवीत लोकरी मोजे आणि दाढीचा कंगवा. हॉलच्या किल्ल्या त्याने टेबलावर ठेवल्या होत्या.

कॉर्पोरलने मला सांगितलं ते असं. हा माणूस सकाळी सातपासून येऊन बसलाय. म्हणतो, अठ्ठ्याण्णव सालच्या डिसेंबरात दोन माणसं माझ्यामुळे मेली, मला संध्याकाळच्या बोटीने व्हाइटहॉर्सला जजपुढे न्या. मेलेल्यांची नावं विचारली तर याने कवितेतली नावं सांगितली. जुनं रजिस्टर काढून पाहिलं. त्या डिसेंबरात तापाने मेलेले आहेत, दात-हिरड्या सडून मेलेले आहेत, एक छतावरून पडलेला आहे. गोळीने मेलेला एकही नाही.

“मग तुमचं रजिस्टर अपुरं आहे,” ऑरिन म्हणाला.

कॉर्पोरलने हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले होते. त्याने समजावलं की आजोबा, ती कविता आहे, रचलेली आहे, लिहिणाऱ्याने तोपर्यंत हे गाव पाहिलंसुद्धा नव्हतं.

“तो नव्हता, मान्य. मी होतो.”

मग ऑरिनने मला सगळं सांगितलं. सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा, ‘मग दिवा गेला’च्या पुढचं. बावीस वर्षांचा होता, गावात येऊन नऊ दिवस झाले होते. खिशात काही नाही. त्या दुपारी त्या गुत्त्यात त्याला जेवणाच्या बदल्यात झाडू मिळाला. डिसेंबरात आमच्याकडे तीनलाच काळोख होतो, तेव्हा दिवा लागला होता, एकच, मोठा. दोघेजण टेबलाशी भांडायला लागले. बाई होती का, असं मी विचारलं, तर तो म्हणाला की त्याला आठवत नाही, पण कवितेत आहे म्हणजे असणार. दोघांचे हात कोटात गेले. ऑरिनला वाटलं, काळोख झाला तर कोणाला नेम धरता येणार नाही. म्हणून त्याने दिवा मालवला. आणि लगेच दोन बार ऐकले.

तो पळाला. थेट नदीवरून वरच्या बाजूच्या लाकूडतोड्यांच्या तळावर गेला आणि बर्फ फुटेपर्यंत तिथेच लाकडं फोडत राहिला. परत आला तर तो गुत्ता नव्हताच, एप्रिलच्या आगीत निम्मं गाव जळून गेलं होतं. जे उरले होते ते नोमला नवीन सोनं निघालं म्हणून बोटी पकडत होते. विचारायचं कोणाला? आणि विचारायचं धाडस तरी कुठे होतं? पुढची आठ वर्षं तो मनाला सांगत राहिला की काही झालं नसेल, भिंतीत घुसल्या असतील गोळ्या. मग ती कविता आली. न्हाव्याच्या दुकानात त्याने ती वाचली, आणि त्याला कळलं की दोघेही मेले.

तुमच्या लक्षात येतंय का? त्याने ती पेपरातल्या बातमीसारखी वाचली. नंतर प्रवासी विचारायला लागले, तुम्ही होता का तिथे? तो होता, म्हणून हो म्हणाला. गावाने त्याला साक्षीदार केला, प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या, आणि हा गुन्हेगार असल्यासारखा त्या टाळ्या गिळत राहिला. एकोणचाळीस वर्षं! आणि आम्ही मेल्यांनी केक विकले.

“त्यांना कॅलिफोर्नियात कसं कळलं, हेस्टर?” त्याने विचारलं. “झाडूवाल्यानेच दिवा मालवला, हे. मी तर कोणालाच सांगितलं नव्हतं. म्हणजे कोणीतरी पाहिलं होतं मला.”

तितक्यात कॉर्पोरलने मला बाजूला घेतलं आणि हळूच सांगितलं, की मी याला बोटीवर चढवलं तर जज काही याचं ऐकणार नाही. डॉक्टरकडे देतील, आणि डॉक्टर खाली किनाऱ्यावरच्या वेड्यांच्या इस्पितळात पाठवतील. तिथून या वयात कोणी परत येत नाही. न चढवावं तर हा स्वतः तिकीट काढून जाणार. तुम्हीच काहीतरी करा बाई.

मी करू काय? कविता खोटी आहे, असं सांगून पाहिलं होतंच. ऑरिनला कविता खोटी असण्याशी देणंघेणं नव्हतं. त्याने दोन बार कानांनी ऐकले होते.

आणि मग मला फर्गस आठवला. माझा बाप. त्या हिवाळ्यात तो त्याच गुत्त्यात दारू वाढायला होता. प्रवाशांना तो कवितेतलीच गोष्ट सांगायचा, कारण तीच चालायची. पण घरी, रविवारी जेवताना, दुसरीच एक सांगायचा. दोघं येडे एका कुत्र्यावरून भांडायला उठले, कोणा गाढवाने दिवा मालवला, आणि काळोखात ठो ठो झालं. दिवा लावून पाहतो तर दोघेही एकाच टेबलाखाली, डोक्याला डोकं आपटून टेंगळं आलेली. आणि भट्टीजवळ वितळायला ठेवलेल्या, गोठलेल्या बिअरच्या दोन बाटल्या फुटून पडलेल्या, ठो ठो त्यांचंच. आई दर वेळी हसायची. मी बटाटे खात असायचे, माझं अर्धं लक्ष नसायचं.

पण फर्गस तो फर्गस. कधी बाटल्या म्हणायचा, कधी गोळ्या छताला लागल्या म्हणायचा. कधी दिवा मालवला, कधी आपोआप गेला. एकदा तर ही गोष्ट डॉसनमध्ये नाहीच, तिकडे सर्कल सिटीत घडली असंही मी त्याच्याकडून ऐकलंय. दिवा मालवणाऱ्याचं नाव त्याने घेतलं नाही, आणि माझ्या डोक्यात ऑरिन कधी आलाच नाही. फर्गसला जाऊन पंधरा वर्षं झाली, ऑरिन त्याच्यासमोर हा विषय काढायला घाबरायचा, आणि दोघं तीस वर्षं एकमेकांना हवापाणी विचारत जगले. रागच आला मला दोघांचा.

मी खुर्ची ओढून ऑरिनच्या समोर बसले आणि ती गोष्ट सांगितली. कुत्रा सांगितला, टेबल सांगितलं, टेंगळं सांगितली, बाटल्या सांगितल्या. सर्कल सिटी सांगितली नाही. छतही सांगितलं नाही. बोलता बोलता माझं मलाच कळेना की मी आठवतेय की जुळवतेय. पण थांबले नाही.

“कोणी मेलं नाही, ऑरिन,” मी म्हणाले. “फर्गस म्हणायचा, दिवा गेला नसता तर मेले असते.”

हे शेवटचं फर्गस म्हणायचा का? देवाशप्पथ, मला माहीत नाही.

खरं बोलणाऱ्या माणसाला फसवणं सोपं असतं असं लोकांना वाटतं. तसं मुळीच नसतं. ऑरिनने हळूच विचारलं, “फर्गसने पाहिलं होतं? मग सांग, दिवा कशाने मालवला होता?”

काल पडद्यावर उंदराने फुंकर मारली होती. कॉर्पोरलही तिथे होता, त्याच्या ओठांवर तेच आलं असणार. मी म्हणाले, “टोपीने.”

ऑरिनचा हात डोक्यावरच्या टोपीकडे गेला. त्याने ती काढून मांडीवर ठेवली, उलटीसुलटी करून पाहिली. मग त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि दाढीत जिरत राहिलं. कॉर्पोरल बिचारा खिडकीबाहेर मिरवणूक बघायला लागला. थोड्या वेळाने ऑरिन उठला, टेबलावरच्या किल्ल्या उचलल्या, आणि म्हणाला की हॉल झाडायचा राहिलाय.

फर्गस टोपी म्हणाला होता का? म्हणाला असेल. की मी ऑरिनला हजारदा पाहिलं होतं, म्हणून माझ्या तोंडून ते गेलं? त्यावर मी आज इतकी वर्षं डोकं फोडतेय. कधी फर्गसचा आवाज अगदी स्पष्ट ऐकू येतो, ‘टोपीने, हेस्टर, टोपीने’. आणि मग वाटतं, हा आवाजही मीच काढतेय.

दुपारी खाणावळ आवरून बाहेर आले तर ऑरिन रंगाचा डबा घेऊन टेकडीच्या वाटेला लागलेला. आता याला काय सांगू? मी मागोमाग गेले. चढ चढून मला दम लागला होता, आणि तो त्या दोन कबरींसमोर उभा होता, डबा अजून उघडला नव्हता. खाली नदीवर बोटीने पहिला भोंगा दिला.

“मग हे कोण?” त्याने विचारलं.

मी म्हटलं, मला नाही माहीत. त्या दिवसात मी बोललेलं तेवढं एक वाक्य तरी नक्की खरं होतं.

तो गवतात बसला. इतकी वर्षं तो या दोघांची माफी मागत होता, आणि हे दोघं भलतेच कोणी निघाले. तापाने गेलेले असतील, छतावरून पडलेलाही यातच असेल. त्याला हसावं की रडावं कळत नव्हतं, मलाही कळत नव्हतं. मग तो म्हणाला की ते दोघं मेले नसतील, तर कुठेतरी म्हातारे झाले असतील, नाही का. कदाचित दाढ्या वाढल्या असतील. कदाचित नातवंडांना सांगत असतील की एकदा डॉसनमध्ये कोणा गाढवाने दिवा मालवला.

“सांगत असतील,” मी म्हणाले.

त्याने पान्याने झाकण उचकटलं, ब्रश बुडवला आणि पहिली फळी रंगवायला घेतली. मी विचारलं, अजून कशाला? तर म्हणाला, यांच्याकडे दुसरं कोणी येत नाही, आणि मी आता सुरुवात केलीय. मी गवतात बसून राहिले. पहिली फळी संपली. मग ब्रश हातातच धरून तो माझ्याकडे वळला.

“हेस्टर, टेबलाखालून आधी कोण बाहेर आलं? फर्गसने सांगितलं असेलच.”

फर्गसने त्यांची नावं कधीच सांगितली नव्हती. मी पापणी न लवता कवितेतलं एक नाव सांगितलं. ऑरिनने मान डोलावली, मलाही तसंच वाटलं होतं म्हणाला, आणि दुसऱ्या फळीला रंग लावायला वळला.